गावच्या टीममागं बाहेरगावी मॅचले जायचं तं हे आधी वाचा: सपोर्टरचे नेहमीचे प्रश्न

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, देवळीच्या पट्ट्यातलं. पोट्ट्यायची फुटबॉल टीम आहे, दिवाळी झाली का टूर्नामेंट चालू होतात, कधी हिंगणघाट साइडले, कधी यवतमाळ, कधी पार चंद्रपूर-बल्लारपूर. टीमसंग वीस ते चाळीस माणसं जातात. दरवर्षी तेच प्रश्न ग्रुपवर येतात, तेही रात्री अकरा वाजता, अन् सकाळी सहाले गाडी असते. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं. तुमच्या गावची टीम असन तं तुमच्याही कामी येईल.

सगळ्यात पहिले काय पाहायचं, मॅचचा टाइम का जायची गाडी?

दोन्ही नाही. पहिले पाहायचं ते परत कसं यायचं. जायले कसंही जमते, सकाळी एसटी आहे, काळीपिवळी आहे, कोणाची ना कोणाची गाडी त्या बाजूले जातच असते, पण संध्याकाळी सातनंतर खेड्याच्या रोडवर काही नसते, अन् जी मुक्कामी गाडी गावात झोपाले येते ती चुकली तं सकाळपर्यंत काही हालचाल नाही.

आमच्यासंग हे झालेलं आहे म्हणून सांगतो. सेमीफायनल होती, कागदावर टाइम तीनचा. पाहुणे यायचे होते म्हणून चालू झाली साडेचारले. १-१ झालं, टायब्रेकर झाला, अंधार पडत आला तेव्हा आमच्या गोलकीपरनं पाचवी पेनल्टी अडवली अन् आम्ही जिंकलो. नाचून-कुदून स्टँडवर आलो तं शेवटची गाडी निघून वीस मिनिटं झाली होती. चौतीस माणसं, त्यात नऊ बाया अन् दोन लहान लेकरं. डिसेंबरची थंडी. स्टँडसमोरच्या एका आजीनं आपल्या ओट्यावर सतरंजी टाकून देल्ली, दोन्ही लेकरायले आत नेऊन गोधडीत झोपवलं, चुलीवर गंजभर काळा चहा केला अन् पैशाचं नाव काढू देल्लं नाही. त्या आजीचे उपकार आहेत, पण तशी पाळी कोणावर येऊ नये. तेव्हापासून नियम एकच, परतीची गाडी पक्की झाल्याबिगर ग्रुपवर "चला" असं टाकायचंच नाही.

मॅच किती वाजता सुटन हे कसं धरायचं?

पूर्ण मॅच ९० मिनिटांची, मधात १५ मिनिटं हाफटाइम, म्हणजे पावणेदोन तास. नॉकआउट (हरला तो बाहेर) असली तं बरोबरीवर ३० मिनिटं एक्स्ट्रा टाइम, मंग पेनल्टी. सगळं मिळून पावणेतीन तास धरा. गावच्या टूर्नामेंटमध्ये हाफ लहान असतात, कुठं २५ मिनिटं, कुठं ३०, अन् बऱ्याच ठिकाणी एक्स्ट्रा टाइम न देता डायरेक्ट टायब्रेकर घेतात, हे आयोजकाले फोन करून विचारूनच घेजा. अन् त्या दिवशी आपल्या आधी किती मॅच आहेत तेही विचारजा. आपली चौथी मॅच असली तं आधीच्या तिन्हीचा लेट आपल्याच बोकांडी बसते.

तारीख पाहताना आणखी काय पाहायचं?

तारीख आपल्या हातात नसते, पण किती माणसं येतील ते तारखेवर ठरते. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाची वेचणी असते, मजूर मिळाला त्या दिवशी घरच्या माणसाले वावर सोडून येता येत नाही. मंग तूर. गहू-हरभऱ्याले पाणी सुरू असलं अन् त्या हप्त्यात लाइन रात्रीची असली तं तो माणूस रात्रभर ओलून सकाळी तुमच्या गाडीत येऊन झोपते, त्याले ड्रायव्हिंग देऊ नका, बस एवढंच लक्षात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची बोर्डाची परीक्षा, त्यात अर्धी टीमच अडकते.

नागपूरवरून जायचं असलं तं दसरा अन् १४ ऑक्टोबर या दिवसांत दीक्षाभूमीले लाखो लोक येतात, रेल्वे-एसटी भरून चालते. मुंबईकडं जायचं असलं तं ६ डिसेंबरच्या आधी-नंतरचे दोन-तीन दिवस सोडा, चैत्यभूमीले जाणारी गर्दी असते अन् त्या दिवशी त्या गाड्यायवर पहिला हक्क त्या लोकायचाच आहे. आमच्याच गावातले कितीक जण त्या गर्दीत असतात. डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा लॉजमध्ये रूम मिळत नाही अन् मिळाली तं रेट दुप्पट.

गाडी कोणती करायची? एसटी, क्रूझर का ट्रॅव्हल्स?

माणसं मोजा, मंग ठरवा. दहा-बारा जण असले तं एक क्रूझर पुरते. वीसच्या वर गेले तं क्रूझर दोन करण्यापेक्षा मिनी ट्रॅव्हल्स बरी, सगळे एका जागी राहतात. चाळीसच्या आसपास असले तं एसटीच्या आगारात जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी बस घ्या. लोकायले वाटते ही बस फक्त लग्नालेच भेटते, तसं नाही, कोणालेही भेटते. अर्ज द्यायचा, किलोमीटर अन् तासाचा हिशोब करून ते रक्कम सांगतात, आधी भरा लागते. मोठा फायदा हा का मॅच लांबली तं ती बस तुमचीच आहे, थांबते. लगीनसराईत मात्र बस मोकळी नसते, आधीच विचारा.

साध्या लाइनच्या एसटीनं जायचं तं बायायले अर्ध तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, अन् ७५ वर्षांच्या वरच्या म्हाताऱ्यायले फुकट. आमच्या गावच्या चार-पाच आजी-आजोबा त्याच्याच भरोशावर मॅच पाहायले येतात, आधार कार्ड तेवढं सोबत ठेवाले सांगा. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, मानव विकासच्या निळ्या बशी शाळेच्या पोरीयसाठी आहेत, शाळेले सुट्टी असली का त्या फेऱ्या नसतात. अन् मॅच बहुतेक रविवारीच असते. रोजच्या सवयीनं "साडेनऊची गाडी आहे ना" म्हणून रविवारी फाट्यावर उभे राहणारे लोक मी पाहिले आहेत.

गाडी भाड्यानं घेताना पिवळी नंबर प्लेट पाहा. कोणाची घरची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्यावर चालवणं नियमात बसत नाही अन् काही झालं तं इन्शुरन्सवाले हात वर करतात. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला का फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी कधीपर्यंत आहे सगळं दिसते. दोन मिनिटांचं काम आहे, बुकिंगचे पैसे द्यायच्या आधी करा.

छोटा हत्ती स्वस्त पडते, तीस माणसं बसतात. त्यानं काय वांधा आहे?

वांधाच वांधा आहे. तो माल वाहाचा आहे, माणसं वाहाचा नाही. मागं धरायले काही नाही, वळणावर सगळा भार एका बाजूले जाते, त्यात पोट्टे उभे राहून झेंडे फिरवतात. पलटी झाला तं मालवाहू गाडीत बसलेल्या माणसायची भरपाई मिळवायले घरच्यायले वर्षानुवर्ष कोर्टाचे चक्कर माराव लागतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीचंही तेच. माणशी शंभर रुपये वाचवायसाठी कोणाच्या लेकराले असं नेऊ नका, याच्यावर आमच्या गावात आता वादच होत नाही, छोटा हत्तीचं नाव काढलं का मोठी माणसं पोरायले गाडीतून खालीच उतरवतात.

अन् बाइकनं गेलं तं?

जवळच्या गावाले, दिवसा, हेल्मेट घालून, दोघंच बसून, काही हरकत नाही. अंधार पडल्यावर परत यायचं असलं तं नको. आपल्या रोडवर रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुकरं अचानक आडवे येतात, रोह्याले धडक बसली तं बाइकवाला वाचणं कठीण. कापसाचे दिवस असले का बिना लाइटच्या ट्रॅक्टर अन् बैलबंड्या चालतात, मागून रिफ्लेक्टर नाही, समोरून दुसऱ्या गाडीचा लाइट डोळ्यावर, काही दिसत नाही. चंद्रपूर साइडले तं जंगलातून रोड आहे, तिथं चारचाकी असली तरी लघवीले म्हणून कुठंही गाडी थांबवायची नाही, गाव किंवा पेट्रोल पंप पाहूनच थांबा.

समृद्धी महामार्गावर दुचाकी चालतच नाही, बंदी आहे. चारचाकीनं समृद्धीवरून जायचं असलं तं निघायच्या आधी टायर पाहून घ्या, हवा बरोबर करून घ्या, अन् दर दोन तासाले ड्रायव्हरले उतरवून तोंड धुवायले लावा. सरळ एकसारख्या रोडवर डोळा लागते. १ जुलै २०२३ ले सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याले जाणारी ट्रॅव्हल्स याच रोडवर पेटली अन् २५ माणसं गेली, त्यात आपल्याच भागातली लेकरं होती. तेव्हापासून मी ट्रॅव्हल्समध्ये चढलो का पहिले इमर्जन्सी दरवाजा कुठं आहे, काच फोडाची हातोडी कुठं आहे ते पाहतो अन् सगळ्यायले दाखवतो. संकटकालीन दरवाजासमोर ढोल, पिशव्या, पाण्याचे कॅन ठेवू देऊ नका.

पैसे कसे जमवायचे? सगळ्यायले परवडत नाही.

गाडीभाडं, टोल, ड्रायव्हरचं जेवण, पाणी, हे सगळं मिळून भागिले माणसं, अन् वर थोडे राखीव. दोन-चार जण ऐन वेळी गळतातच, म्हणून चाळीस नावं असली तं पस्तीसनं भागा. पैसे आधी घ्या. "गाडीत देतो" म्हणणाऱ्याचं नाव लिहू नका, तो आला तं जागा असली तं बसवा. हिशोब एका माणसाकडं, अन् परत आल्यावर दुसऱ्या दिवशी पावतीच्या फोटोसहित ग्रुपवर. लोकायचा भरोसा याच्यावरच टिकते.

मजुरी करणाऱ्या घरचे पोट्टे असतात, त्यायले अडीचशे रुपये म्हणजे दिवसभराची वेचणी असते. त्यायले सगळ्यायसमोर "तुह्ये पैसे राहिले" म्हणू नका. आमच्या इकडं ज्याची परिस्थिती बरी आहे ते दोघाचे भरतात अन् दुसऱ्याचं नाव विचारत नाहीत. खेळणाऱ्या पोरायकडून तं गाडीभाडं घ्यायचंच नाही, ते गावासाठी खेळून रायले.

जेवणाचं काय?

घरून डबे. भाकर, झुणका किंवा वांग्याची भाजी, ठेचा, कांदा. भाकर-ठेचा संध्याकाळपर्यंत टिकते. डिसेंबर-जानेवारीत संत्र्याची एक क्रेट सोबत घेतली तं खेळणाऱ्यायले हाफटाइमले अन् लेकरायले दिवसभर पुरते. सकाळी रस्त्यात तर्री-पोहे खाणार असाल तं खेळणाऱ्या पोरायले तर्री देऊ नका, पोटात आग होते अन् मॅचमध्ये धावता येत नाही, साधे पोहे अन् केळं द्या. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन भरून घ्या, मैदानावर पाणी असते पण एवढ्या माणसायले पुरत नाही. फायनल असली अन् दिवसभर थांबाचं असलं तं आम्ही गोवऱ्या अन् कणिक घेऊनच जातो, मैदानाच्या बाजूले आयोजकायले विचारून रोडगे लावतो, समोरच्या टीमचे चार जण तरी जेवायले येतातच.

गाडीत दारू चालते का?

नाही. याच्यात सूट नाही, कोणी कोणाचा भाऊ असो. वर्धा अन् गडचिरोली हे दोन्ही दारूबंदीचे जिल्हे आहेत, पण यवतमाळात बंदी नाही अन् चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली. आमच्या जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं का रोडवर बार दिसते अन् कोणाले तरी थांबावंसं वाटते, मंग बाटली पिशवीत घालून परत जिल्ह्यात आणतात. नाक्यावर चेकिंग झाली तं गाडी अडकते, ड्रायव्हर अडकते अन् त्याच्यासंग पस्तीस निर्दोष माणसं ठाण्यासमोर बसतात. शिवाय ज्या गाडीत दारू असते त्या गाडीत बाया अन् पोरी पुढच्या वेळेस येत नाहीत. आमच्या इकडं एकदा असं झालं अन् तो एक प्रवास भरून काढायले दोन सीझन लागले.

बाया अन् पोरी येतात का? त्यायच्यासाठी वेगळं काही?

येतात अन् आल्याच पाहिजेत, आमच्या इकडं सगळ्यात मोठा आवाज त्यायचाच असते. गोलकीपरची माय तं पेनल्टीच्या टायमाले पाठ करून उभी राहते अन् बाकीच्या बायायले विचारते, "अडवला का, अडवला का". वेगळं म्हणजे एवढंच का आयोजकाले आधी फोन करून विचारायचं, बायायसाठी संडास-बाथरूम कुठं आहे. मैदानाजवळ शाळा असली तं तिची चावी कोणाकडं आहे. हे नसलं तं बाया सकाळपासून पाणीच पित नाहीत अन् दुपारी उन्हात चक्कर येते, हे पुरुषायच्या ध्यानातच येत नाही. गाडीत पुढच्या सीट म्हाताऱ्या माणसायले अन् लेकरं घेतलेल्या बायायले. परत येताना एकटी राहणारी जी असन तिले घरच्या दारापर्यंत सोडायचं, फाट्यावर नाही.

तिथं जाऊन डफडं, घोषणा, झेंडे, काय चालते?

डफडं चालते, संदल चालते, पण आधी आयोजकायले विचारून. रात्री दहानंतर स्पीकर कायद्यानंच बंद असते. फटाके नेऊ नका, कडब्याचे ढीग अन् कापसाच्या गंज्या असतात गावात, एक ठिणगी पडली तं कोणाची वर्षभराची कमाई जाईन. झेंडा टीमचाच घ्या. पक्षाचा, समाजाचा कोणताच झेंडा नाही, कारण एक आला का दुसरा येते अन् मंग मॅच बाजूलेच राहते.

सगळ्यात महत्त्वाचं, तोंड. समोरच्या गावच्या टीमले, रेफरीले, कोणाच्या जातीवरून, गावावरून, माय-बहिणीवरून शिवी नाही. जातीवाचक बोललं तं तो गुन्हा आहे अन् असायलेच पाहिजे. त्याच मैदानावर आपल्या गावची लेक सून म्हणून नांदत असते, तिच्या सासरच्यायसमोर आपण काय बोलून रायलो याचा विचार करा. रेफरी चुकला असं वाटलं तं कॅप्टन बोलन, मैदानात सपोर्टर उतरला तं टीम बाद होऊ शकते. एक गोष्ट आम्ही करतो अन् ती कामी येते, पोचल्या-पोचल्या गावातल्या दोन मोठ्या माणसायनं आयोजकायले जाऊन भेटायचं, नारळ द्यायचा, अन् "आमचे एवढे लोक आहेत, काही झालं तं मले सांगा" म्हणून नंबर देऊन ठेवायचा. वाद झाला तं ते आधी त्या माणसाले फोन करतात, पोलिसाले नाही.

मॅचमध्ये कोणाले लागलं तं?

किट सोबतच ठेवा: बँडेज, कापूस, डेटॉल, क्रेप बँडेज, ओआरएस, अन् थर्मासमध्ये बर्फ. पाय मुरगळला तं बर्फ कपड्यात गुंडाळून लावा, चोळू नका. आमच्या इकडं चोळाची फार सवय आहे, त्यानं सूज वाढते. डोक्याले लागून पोरगा बेशुद्ध पडला किंवा मानेले लागलं तं उचलून पळू नका, मान न हलवता तसंच ठेवा अन् १०८ ले फोन लावा, ती ॲम्ब्युलन्स सरकारी आहे, फुकट आहे. शुद्धीवर आला तरी त्या दिवशी त्याले परत खेळवायचं नाही, तो किती बी म्हणो. मारामारी, चोरी, काहीही असलं तं ११२. निघायच्या आधी जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते एकदा मॅपवर पाहून ठेवलं का झालं.

चंद्रपूर-बल्लारपूरले रेल्वेनं जायचं तं कुठून बसायचं?

वर्धा अन् सेवाग्राम ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, यात दरवेळेस कोणी तरी चुकते. नागपूरहून मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या वर्ध्याले येतात. नागपूरहून हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशा म्हणजे दक्षिणेकडं जाणाऱ्या गाड्या सेवाग्रामवरून वळतात. तिकिटावर स्टेशनचं नाव पाहा, मंग ऑटोले सांगा. ग्रुपवर फक्त "वर्ध्याले या" असं टाकू नका.

मुंबईले आयएसएलची (इंडियन सुपर लीग फुटबॉलची) मॅच पाहायची आहे. एका दिवसात होते का?

नाही होत, मुक्काम धरा. मुंबई सिटी या टीमचं होम ग्राउंड अंधेरी वेस्टचं मुंबई फुटबॉल अरेना. मॅच संध्याकाळी साडेसातची असली तं सुटते साडेनऊच्या आसपास, अन् विदर्भाकडं येणाऱ्या विदर्भ एक्स्प्रेस, अमरावती एक्स्प्रेस, दुरांतो, हावडा मेल या गाड्या तोपर्यंत सीएसएमटीवरून निघून गेलेल्या असतात. म्हणून रात्री तिथंच थांबायचं अन् सकाळची गीतांजली पकडायची, ती पहाटेच निघते, तिच्यासाठी लोकल आदल्या रात्रीच पाहून ठेवा. ग्राउंडले जायले विदर्भ एक्स्प्रेसनं ठाण्याले उतरा, तिथून लोकलनं घाटकोपर, घाटकोपरवरून मेट्रो, अन् आझाद नगर स्टेशनवर उतरलं का स्टेडियम पायी आहे. सीएसएमटीपर्यंत जायची गरज नाही. पहिल्यांदा लोकलमध्ये चढणाऱ्यायले एकच सांगा, दरवाजात उभं राहायचं नाही अन् कोणी चुकला तं पुढच्या स्टेशनवर उतरून तिथंच थांबायचं, मागं-पुढं फिरायचं नाही.

स्टेडियमात पाण्याची बाटली, लायटर, हेल्मेट, मोठी बॅग, झेंड्याची काठी, पॉवर बँक बहुतेक आत जाऊ देत नाहीत. सामान लॉजवर ठेवूनच जा, गेटवर ठेवायले जागा नसते. तिकीट अन् मॅचची तारीख पक्की पाहूनच रेल्वेचं काढा, आपल्याकडं फुटबॉलच्या तारखा हलतात.

कोलकाता डर्बीले (मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल मॅचले) जायचं स्वप्न आहे. खरंच जमते का?

जमते. आम्ही सात जण गेलो होतो, दोन वर्ष पैसे साठवून. नागपूरहून हावडा अकराशे किलोमीटरच्या वर आहे, गीतांजली, हावडा मेल, आझाद हिंद या गाड्या आहेत, एक रात्र गाडीत जातेच. गाडी दोन-चार तास लेट धरूनच चाला, म्हणून मॅचच्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी घेऊ नका, आदल्या दिवशी पोचा. आता हावडा स्टेशनवरूनच मेट्रो हुगळी नदीच्या खालून जाते अन् ऑगस्ट २०२५ पासून ती सरळ सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशनले नेऊन सोडते, गाडी बदलावं लागत नाही.

मोहन बागान १८८९ चं, ईस्ट बंगाल १९२० चं. १९११ मध्ये मोहन बागानच्या अकरा पोरायनं, त्यातले बहुतेक अनवाणी, गोऱ्या पलटणीच्या टीमले हरवून आयएफए शील्ड हा फुटबॉलचा कप नेला, ती गोष्ट तिथं चहावाला पण कालचीच असल्यासारखी सांगते. आमच्या इकडं पण पोट्टे कितीक वर्ष अनवाणीच खेळले, म्हणून ते ऐकून माह्या अंगावर काटा आला. स्टँड मात्र पाहून निवडा. हिरवा-मरून मोहन बागानचा, लाल-पिवळा ईस्ट बंगालचा, चुकीच्या रंगाचा शर्ट घालून चुकीच्या बाजूले बसू नका, तटस्थ असाल तं साधा पांढरा घाला. १६ ऑगस्ट १९८० ले ईडन गार्डन्सवर याच डर्बीत गडबड होऊन १६ माणसं मेली, दोन्ही बाजूचे लोक एकाच स्टँडमध्ये होते. म्हणून धक्काबुक्की दिसली तं गेटकडं पळू नका, भिंतीच्या कडेनं थांबा, गर्दी ओसरू द्या, अन् सुटल्यावर भेटायचं ठिकाण आधीच ठरवून ठेवा. मॅच सुटल्या-सुटल्या फोनले नेटवर्क भेटत नाही.

रेल्वेचं रिझर्व्हेशन कधी काढायचं?

६० दिवस आधी खुलते. आधी १२० होते, नोव्हेंबर २०२४ पासून कमी झालं, पण अजून बी लोकं चार महिन्यांच्या हिशोबात राहतात. एका तिकिटावर सहा जण, म्हणून वीस जण असले तं चार तिकिटं, अन् प्रत्येक तिकिटात एक तरी समजदार माणूस राहू द्या. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं दहाले, स्लीपरचं अकराले, एका तिकिटावर चारच जण. तत्काळसाठी आता आधार जोडलेलं खातं लागते, ते आठ दिवस आधी करून ठेवा, त्या दिवशी सकाळी नाही. वेटिंग तिकिटावर रिझर्व्हेशनच्या डब्यात चढू देत नाहीत, "ॲडजस्ट करून घेऊ" हे दिवस गेले. गाडीत काही त्रास झाला तं १३९ ले फोन लावा.

ऐन वेळी मॅच रद्द झाली तं?

निघायच्या दिवशी सकाळी पाचले आयोजकाले फोन, मंगच गाडी हलवायची. अवकाळी पाऊस झाला तं काळ्या मातीच्या मैदानात दोन दिवस पाय टाकता येत नाही, बूट उपटून येते. गाडीवाल्यासंग आधीच बोलून ठेवा, रद्द झालं तं ॲडव्हान्समधले किती कापन, अन् ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आमचा एकदा अख्खा ॲडव्हान्स गेला कारण सगळं तोंडी होतं.

हरलो तं परत येताना कसं करायचं?

पहिला अर्धा तास कोणी काही बोलायचं नाही. ज्यानं पेनल्टी हुकवली त्याले मागच्या सीटवर एकटा बसू देऊ नका, त्याच्या बाजूले त्याचा जवळचा दोस्त बसवा. पोट्टं सोळा-सतरा वर्षांचं असते, गाडीतल्या मोठ्या माणसाचा एक टोमणा त्याले खेळ सोडायले पुरते. आमच्या टीमचा एक चांगला लेफ्ट विंग असाच गेला, आता तो मैदानाच्या रस्त्यानं पण जात नाही. रस्त्यात कुठं चहाले थांबलं का हळूहळू आपोआपच बोलणं चालू होते.

गाडी निघायच्या आधी शेवटचं काय?

मुंडकी मोजा. नावं घेऊन मोजा, नुसते आकडे नाही, कारण एकजण दुसऱ्या गाडीत बसला असन तं आकडा बरोबर येते अन् माणूस राहून जाते. जायच्या वेळेस एकदा, मैदान सोडताना एकदा, चहाच्या थांब्यावर एकदा. यादी कागदावर ठेवा, मोबाइलची बॅटरी संध्याकाळी संपते. आमची यादी एका शाळेच्या वहीत आहे, वहीच्या मागच्या पानावर प्रत्येकाच्या घरच्याचा नंबर आहे. गावात पोचल्यावर शेवटचा माणूस घरात गेला का वहीवाला ग्रुपवर टाकते, "सगळे आले". कितीही रात्र झाली तरी तो मेसेज आल्याबिगर आमच्या गावात माया झोपत नाहीत.